सेकंडहँड लॅपटॉप बीप-बीप करतो, सुरू होत नाही. रॅम पुसली की महिनाभर चालतो, मग पुन्हा तेच

पॉवरचं बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळी ती काळीच आणि आतून बीप, बीप, बीप. दुकानात नेला की कारागीर मागचं झाकण उघडतो, रॅम (चालू काम आठवणीत ठेवणारी मेमरीची पट्टी) काढतो, खोडरबराने घासतो, परत बसवतो आणि लॅपटॉप सुरू होतो. पैसे देऊन आपण घरी. मग पाऊस चार दिवस लागून राहिला की पुन्हा तेच. गोव्यात सेकंडहँड लॅपटॉप वापरणाऱ्या बऱ्याच जणांच्या ओळखीचा हा प्रकार. बीप बंद करणं फार मोठं काम नाही. ती परत का येते हे शोधायला धीर लागतो, आणि दुकानात गिऱ्हाईकं उभी असली की तो धीर कारागिराकडे नसतो. त्यामुळे हे शोधकाम घरीच केलेलं बरं.

आधी मोजा, मग उघडा

ही बीप विंडोजची नसते. विंडोजच्या बरंच आधी मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डावरचा) बायोस, म्हणजे लॅपटॉपला जागं करणारा पहिला प्रोग्रॅम, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्सची हजेरी घेतो. कुणी गैरहजर असेल तर ते लिहून दाखवायला स्क्रीनच अजून जागी झालेली नसते, म्हणून तो आवाजात सांगतो. तेव्हा "विंडोज मारून (नव्याने टाकून) बघूया" असं कुणी म्हणालं तर त्याला सरळ नको म्हणा. एसएसडी किंवा हार्ड डिस्क गेली असेल तर लॅपटॉप तसं स्क्रीनवर लिहितो. काळी स्क्रीन आणि बीप हे सहसा डिस्कचं लक्षण नव्हे.

कानाने मोजताना गोंधळ होतो, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढा. कीबोर्डवरचे दिवे आणि चार्जिंगचा दिवाही त्यात दिसू द्या, कारण नवे लॅपटॉप आवाजाऐवजी दिव्यांनी बोलतात. ठेका दोन-तीनदा पूर्ण होईपर्यंत थांबा. बीपा किती, त्यात लांब कुठली आणि आखूड कुठली, मध्ये विसावा कुठे, हे शांतपणे व्हिडिओ ऐकून कागदावर लिहा. दुरुस्तीला द्यायची वेळ आली तरी हा व्हिडिओ कामाला येतो.

कंपन्यांनी वापरून बदललेले लॅपटॉप मोठ्या संख्येने सेकंडहँड बाजारात येतात, त्यामुळे डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक-प्रोबुक आणि लेनोव्हो थिंकपॅड हीच नावं जास्त दिसतात. तिन्हींची भाषा वेगळी आहे.

डेलच्या बीपा देणाऱ्या लॅपटॉपवर २ बीप म्हणजे रॅम सापडलीच नाही, ४ बीप म्हणजे रॅम सापडली पण तिच्यात बिघाड आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. १ बीप बायोस बिघडल्याची, ३ मदरबोर्डच्या चिपसेटच्या, ५ सीमॉस बॅटरीच्या (तारीख-वेळ सांभाळणारी छोटी बॅटरी), ६ ग्राफिक्सच्या, ७ प्रोसेसरच्या आणि ८ स्क्रीनच्या. नव्या डेलमध्ये दिवा आधी नारिंगी आणि मग पांढरा लुकलुकतो: नारिंगी २, पांढरा ३ असेल तर रॅम सापडत नाही, २ आणि ४ असेल तर रॅम खराब, ३ आणि १ असेल तर सीमॉस बॅटरी.

एचपीच्या साधारण २०१५ पासूनच्या लॅपटॉपमध्ये आधी लांब, मग आखूड बीप येतात आणि त्यांच्याबरोबर दिवाही लुकलुकतो. ३ लांब आणि २ आखूड म्हणजे गाडी रॅमपाशी अडली. ३ लांब ३ आखूड ग्राफिक्सचं, ३ लांब ४ आखूड वीजपुरवठ्याचं, ३ लांब ५ आखूड प्रोसेसरचं. सुरुवात २ लांब बीपांनी होत असेल तर बायोस. त्याहून जुन्या एचपीत कॅप्स लॉकचा दिवा ३ वेळा लुकलुकून थांबत असेल तर तीही रॅमच.

थिंकपॅडच्या नव्या मॉडेलांत बीपऐवजी एक छोटा सूर वाजतो. लेनोव्होचं मोबाईल अ‍ॅप तो सूर ऐकून एरर कोड दाखवतं. जुन्या थिंकपॅडसाठी त्या मॉडेलचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल लेनोव्होच्या साईटवर फुकट मिळतं. बीपांचा तक्ता आणि झाकण उघडायच्या पायऱ्या त्यात चित्रांसह असतात.

बीप ठेक्यात न येता एकसारखी वाजत राहिली तर आधी कीबोर्डवर संशय घ्या. चहा सांडून चिकटलेली किंवा ओल धरलेली एखादी कळ बायोसला सतत दाबलेली वाटते. लॅपटॉप उघडता येत असेल तर कीबोर्डची चपटी पट्टी मदरबोर्डवरून सोडवून चालू करा. बीप गेली तर रॅमकडे वळायचं कारणच उरत नाही.

उघडण्याआधीचं एक काम

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर जोडून चालू करा. आत साठून राहिलेला विद्युतभार निघून गेल्याने अडकलेला कंट्रोलर कधी कधी ताळ्यावर येतो. थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांना खालच्या बाजूला यासाठी एक बारीक भोक असतं. त्यात चार्जर काढून सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबायची.

बीप बायोसची असेल तर झाकण उघडून काही साधणार नाही. एचपीवर विंडोजची कळ आणि बी एकत्र धरून पॉवर दाबल्यास बायोस स्वतःची जुनी प्रत परत बसवायचा प्रयत्न करतो. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप धरून ठेवत चार्जर लावायचा. आणि एक कळकळीची विनंती: बॅटरी मेलेली असताना, चार्जरच्या भरवशावर, पावसाळ्यात बायोस अपडेट करू नका. आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि अपडेट अर्ध्यावर तुटलं तर चालता लॅपटॉप त्याच क्षणी बीप देणारा होतो.

रॅम: पुसण्याआधी तपासणी

चार्जर काढून झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. आतली बॅटरी जोडलेली असताना रॅम काढणं म्हणजे बोर्डाशी जुगार. स्थिर विजेसाठी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या. आपल्या दमट हवेत ती भीती पंजाब-राजस्थानइतकी नाही. ओलीचा तेवढा एकच फायदा.

रॅम दिसली की लगेच खोडरबर उचलू नका. आधी ती स्लॉटमध्ये नीट बसलेली होती का ते बघा. दोन्ही बाजूंच्या धातूच्या पकडी दांड्यात पूर्ण अडकल्या होत्या का? एका बाजूची पकड वाकडी असेल तर रॅम केसभर वर उचललेली राहते. टेबलावर ठेवलेला लॅपटॉप तशात चालेलही, पण स्कूटरच्या डिकीतून नेला की बीप देणार. ही पकड वाकडी असणं सेकंडहँड लॅपटॉपमध्ये फार आढळतं, कारण तुमच्याआधी तो बऱ्याच जणांनी उघडलेला असतो.

मग सगळ्या रॅम काढा आणि चार्जर लावून रॅमशिवायच लॅपटॉप चालू करा. हे ऐकून लोक दचकतात, पण यात नुकसान काही नाही आणि माहिती भरपूर मिळते. रॅम नसताना लॅपटॉपने "रॅम सापडली नाही" हा ठेका दिला तर प्रोसेसर जिवंत आहे, बायोस जिवंत आहे, बोर्ड बऱ्यापैकी ठीक आहे. रॅम असतानाही तोच ठेका होता का ते कागदावर बघा. तोच होता तर रॅम घातलेली असूनही बोर्डाला ती दिसत नव्हती: संपर्काचा किंवा स्लॉटचा प्रश्न. ठेका वेगळा होता, म्हणजे डेलच्या भाषेत आधी ४ आणि आता २, तर रॅम दिसत होती आणि तीच बिघडलेली असायची शक्यता जास्त. रॅम काढल्यावर काहीच आवाज नाही, दिवाही लुकलुकत नाही, तर रोख बोर्डाकडे वळवा.

आता एक रॅम, एक स्लॉट. पहिली रॅम पहिल्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. दुसरी रॅमही तशीच. एकच रॅम दोन्ही स्लॉटमध्ये रडत असेल तर रॅम वाईट. एकाच स्लॉटमध्ये दोन्ही रॅम रडत असतील तर स्लॉट वाईट. स्लॉट गेला असला तरी दुसऱ्यात एकच मोठी रॅम घालून लॅपटॉप पुढे चालवता येतो. वेग थोडा कमी होतो, पण कार्यालयीन कामाला पुरे.

काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, स्लॉट नसतो किंवा एकच असतो. तिथे पुसायला काही नाही; ते काम मायक्रोसोल्डरिंग करणाऱ्याचं. म्हणून असा लॅपटॉप विकत घेण्याआधीच मॉडेल नंबर टाकून बघून घ्यावं.

साफ कसं करायचं, आणि खोडरबराबद्दल माझी तक्रार

रॅमच्या कडेला जे सोनेरी दात दिसतात त्यांच्यावर सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. सोनं गंजत नाही, त्याच्या खालचं निकेल आणि तांबं मात्र खराब होतं. खोडरबर घासला की वरचा मळ जातो, त्याच्याबरोबर थोडा मुलामाही जातो. एकदा हलक्या हाताने घासलात तर बिघडत नाही. दर पावसाळ्यात दोन-तीनदा जोर लावून घासलेल्या रॅमवर मात्र पुढच्या वेळी काळवंडणं लवकर येतं. म्हणजे जो उपाय करतोय तोच दुखणं जवळ आणतोय. शिवाय खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, तो वेगळाच.

त्यापेक्षा ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. चष्म्याच्या कापडावर थोडं घेऊन दोन्ही बाजूंचे दात एकाच दिशेने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हॅंड सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. सेंट, डिओ, पेट्रोल यांचे प्रयोगही नकोत. स्लॉटमध्ये मऊ ब्रश फिरवा, रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकर मारायची सवय सोडा; फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार आत जातात.

बसवताना रॅम तिरकी, साधारण ३० अंशात सरकवा. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत आत जाऊ द्या, मग खाली दाबा. दोन्ही पकडींचा टक आवाज यायला हवा. एकच टक आला तर पुन्हा काढा.

तरीही परत येते, ती का

सर्वांत जास्त वेळा दिसणारं आणि सर्वांत कमी वेळा पकडलं जाणारं कारण म्हणजे विकणाऱ्याने "वाढवून दिलेली" रॅम. फोंड्याहून एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. "भाऊ, रॅम तर नवीनच आहे, चारची आठ करून दिलीय दुकानात." रॅमवरचे लेबल बघितले. एकीवर पीसी३एल-१२८००, दुसरीवर पीसी३-१२८००. मधला तो 'एल' हाच सगळा घोटाळा होता.

लेबलवर पीसी३ म्हणजे डीडीआर३ रॅम, ती १.५ व्होल्टवर चालते; पीसी३एल म्हणजे डीडीआर३एल, ती १.३५ व्होल्टवर. दोघींना २०४ पिना, खाच एकाच जागी, त्यामुळे चुकीची रॅमही मजेत बसते. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०१३ नंतरच्या लॅपटॉप प्रोसेसरांना १.३५ व्होल्टवालीच रॅम लागते. अशा लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टवाली घातली तर तिला कमी व्होल्टेज मिळतं. कधी ती चालते, कधी थंड सुरुवातीला दगा देते. काढून घातली की योगायोगाने चालते आणि श्रेय खोडरबराला जातं! त्या बाईंच्या लॅपटॉपमधली एल नसलेली रॅम बाजूला काढली आणि जुनी चार जीबीचीच ठेवली. नंतर योग्य आठ जीबीची घेतली तेव्हा पावसातही बीप आली नाही.

डीडीआर४मध्ये हा गोंधळ नाही. तिला २६० पिना आणि १.२ व्होल्ट, खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे डीडीआर३च्या स्लॉटमध्ये ती जाणारच नाही. डीडीआर५ अजून सेकंडहँडमध्ये कमी दिसते. तिची एक गंमत अशी की रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून मध्येच बटण दाबू नका.

दुसरं कारण आपली हवा. वास्को, कळंगुट, कोलवा अशा समुद्रालगतच्या घरांत हवेतलं मीठ आत पोचतं, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात आपण आठवडेच्या आठवडे त्या आकड्याच्या वर असतो. वाळपई-साखळीकडे समुद्र लांब, पण घाटाच्या पायथ्याचा पाऊस किनाऱ्याहून जास्त, म्हणून तिकडच्यांनीही निश्चिंत राहू नये.

याहून वाईट म्हणजे एसीतून बाहेर पडणं. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर येतो. पणजीत पाटोच्या ऑफिसात २२ अंशांत दिवसभर थंड झालेला लॅपटॉप बाहेर काढून लगेच उघडला तर त्याच्या धातूवर दव धरतं, आतसुद्धा. घरी आल्यावर बॅग बंदच ठेवा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग उघडा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. जुन्या ओल्या पुडीचा उपयोग शून्य. लॅपटॉप वापरात नसला तरी दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालवा, स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो. गणेश चवथीला घर बंद करून गावी जाताना तो लोखंडी कपाटात कोंबून जाणारे बरेच, आणि परतल्यावर बीप ऐकणारेही तेच. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका. पिठूळ धूळ आत जाते, बाकी काही होत नाही.

तिसरं कारण म्हणजे बोर्डावरच्या सोल्डरला (धातूच्या जोडांना) गेलेला तडा. तो ओळखायची एक युक्ती आहे. लॅपटॉप पंख्याखाली वाळवल्यावर सुरू झाला आणि पुढचे काही दिवस चालला तर ओल. पण गरम झाला की सुरू होतो आणि थंड झाला की पुन्हा बीप, असं कोरड्या दिवसांतही रोज घडत असेल तर सोल्डरला तडा असण्याची शक्यता मोठी. लॅपटॉप कधीतरी पडलेला असतो, किंवा एका कोपऱ्याला धरून उचलायची आधीच्या मालकाची सवय असते. याला पुसणं, वाळवणं काही लागू पडत नाही. हीट गन मारून "करून देतो" म्हणणारे भेटतील. ती दुरुस्ती सहसा थोडेच दिवस टिकते आणि आजूबाजूचे भाग भाजते. बोर्डावर व्यवस्थित काम करणारा माणूस असेल तरच द्या.

सीमॉस बॅटरीबद्दल थोडक्यात: सीआर२०३२, ३ व्होल्टची, लॅपटॉपमध्ये बहुधा वायर आणि छोट्या कनेक्टरसह प्लास्टिकात गुंडाळलेली. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल आणि डेल ५ बीप देत असेल तर बदला. आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये ती संपलेलीच समजा. ती काढल्याने बायोसचा पासवर्ड मात्र जात नाही, निदान कंपन्यांसाठी बनवलेल्या लॅपटॉपांत तरी, कारण तो वेगळ्या चिपमध्ये असतो. विकत घेताना बायोसमध्ये शिरून पासवर्ड मागतो का ते बघा.

विकत घेतानाचं अजून एक. दुकानात लॅपटॉप आधीच चालू करून ठेवलेला असतो. रीस्टार्ट करून दाखवला तर त्यावर जाऊ नका. बंद करायला सांगा, चार्जर काढायला लावा, बाजारात एक फेरी मारून या आणि मग थंड लॅपटॉप स्वतः चालू करा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असेल तर तेवढा वेळ सहज जातो. आणि रॅमची लेबलं दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका. झाकण उघडायला नकार देणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

सुरू झाल्यावर

बीप गेली की लगेच काम सुरू करायचा मोह होतो. त्या रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून झोपा. चार फेऱ्यांत एकही चूक निघाली नाही तर रॅमवर विश्वास ठेवा. एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम बदलायची, मग लॅपटॉप वरवर कितीही नीट चालत असो. अशी रॅम फायली गुपचूप खराब करते. दोन रॅम असतील तर चूक कुणाची हे एकेक घालून तपासा.

बोर्डच गेलाय असं निघालं आणि दुरुस्ती परवडत नसेल तर एसएसडी काढून यूएसबी केसमध्ये घाला. फायली दुसऱ्या लॅपटॉपवर दिसतील. केस घेताना तुमची एसएसडी साटा आहे की एनव्हीएमई ते बघून घ्या, दोन्हींच्या केस वेगळ्या. विंडोजने बिटलॉकर (डिस्कवरच्या फायलींना लावलेलं कुलूप) लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर ती बहुधा त्या खात्यात सापडते. लॅपटॉप चालू आहे तोवर ती शोधून कागदावर उतरवून ठेवा.